टूलरूमचे प्रश्न : सॉलिड मॉडेलला श्रिंकेज देताना

मोल्डचे काम करणाऱ्या वाचकांची जी पत्रे या सदराकडे येतात, त्यांपैकी बरीचशी पत्रे मॉडेल स्केल करण्याच्या एकाच पायरीपाशी अडलेली असतात. प्लॅस्टिक थंड होताना आकसते (यालाच श्रिंकेज म्हणतात), म्हणून मोल्डमधील कॅव्हिटी (भागाचा बाहेरील आकार घडवणारी पोकळी) आणि कोअर (आतील आकार घडवणारा ठोकळा) भागापेक्षा किंचित मोठे ठेवावे लागतात. ही वाढ कॅडमधील (संगणकावर मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधील) एका आज्ञेने होते आणि तिला मिनिटभरही लागत नाही. तरीही पोलाद वाया जाण्याची सुरुवात बहुतेक वेळा याच मिनिटात झालेली असते, असा माझा अनुभव आहे. म्हणून या वेळी सर्व प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही ३० टक्के काचतंतू असलेल्या नायलॉन ६६ चे बेअरिंग हाउसिंग करत आहोत. प्रवाहाच्या दिशेने ०.३ टक्के आणि आडव्या दिशेने ०.९ टक्के श्रिंकेज धरून मी मॉडेलला एक्स, वाय आणि झेड या अक्षांवर वेगवेगळे गुणक दिले. आता ३२ मिमीचे बेअरिंगचे भोक कॅमच्या (यंत्राला कापण्याचा मार्ग आखून देणाऱ्या) सॉफ्टवेअरला भोक म्हणून ओळखताच येत नाही आणि फिलेटवर (कडेला दिलेल्या गोलाईवर) त्रिज्या विचारली तर उत्तर येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये काही बिघाड आहे का? (एक मोल्ड डिझायनर, भोसरी)

उत्तर : बिघाड नाही. आपण जे सांगितले तेच सॉफ्टवेअरने तंतोतंत केले आहे. एक्स दिशेने १.००३ आणि वाय दिशेने १.००९ हे गुणक दिल्यावर ३२ मिमीचा व्यास एका बाजूला ३२.०९६ मिमी आणि दुसऱ्या बाजूला ३२.२८८ मिमी होतो, म्हणजे वर्तुळाचे लंबवर्तुळ होते आणि दोन व्यासांत ०.१९२ मिमीचा फरक पडतो. सॉलिड मॉडेलमध्ये सपाट पृष्ठ, दंडगोल, शंकू, गोल आणि टोरस हे आकार नेमक्या सूत्राने साठवलेले असतात. तिन्ही दिशांना सारखा गुणक दिला की दंडगोल दंडगोलच राहतो, फक्त त्याची त्रिज्या बदलते. गुणक असमान झाला की सपाट पृष्ठे सपाट राहतात, परंतु दंडगोल आणि फिलेट यांची रूपांतरे स्प्लाइन (मुक्त वक्र) पृष्ठांत होतात. अशा पृष्ठाला त्रिज्याच नसते, त्यामुळे मोजमापाची आज्ञा गप्प राहते आणि कॅमला तिथे भोक दिसत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, ते भोक लंबवर्तुळाकार करणे तरी बरोबर आहे का? माझ्या मते नाही. काचतंतू प्रवाहाच्या दिशेने झोपतात आणि त्या दिशेने आकसण्याला अडवतात, म्हणून दोन दिशांची श्रिंकेज वेगळी येते, हे खरे. परंतु वितळलेले प्लॅस्टिक भोक घडवणाऱ्या कोअर पिनपाशी पोहोचले की दुभंगते, पिनेला वळसा घालते आणि पलीकडे पुन्हा मिळते, जिथे वेल्ड लाइन पडते. त्या वळणावर तंतूंची दिशा पावलोपावली बदलत असते, त्यामुळे संपूर्ण भागासाठी ठरवलेले एक्स आणि वायचे आकडे त्या भोकाभोवती लागू पडत नाहीत. आपण बरीच मेहनत घेऊन लंबवर्तुळाकार पिन केली, तरी भागातले भोक गोल येईल याची काहीच हमी नाही. शिवाय गोल पिन सिलिंड्रिकल ग्राइंडरवर सहज होते, तर लंबवर्तुळाकार पिनेसाठी वायरकट किंवा मिलिंगकडे जावे लागते आणि ट्रायलनंतरची दुरुस्तीही तितकीच अवघड होते.

मी अशा भागासाठी पुढील पद्धत वापरतो. मूळ मॉडेलमधून जोडलेली वेगळी प्रत काढावी आणि त्या प्रतीत बेअरिंगचे भोक, स्क्रूची भोके, गोल बॉस (उंचवटे) आणि फिलेट स्केलपूर्वी काढून किंवा भरून टाकावेत, म्हणजे उरलेला सांगाडा मुख्यतः सपाट पृष्ठांचा राहतो. त्या सांगाड्याला असमान गुणक द्यावेत. नंतर गोल जागा स्केल झालेल्या केंद्रांवर, परंतु खऱ्या दंडगोलाने, पुन्हा कोराव्यात. आपले भोक मोल्डच्या मूळबिंदूपासून एक्समध्ये ७० आणि वायमध्ये २४ मिमीवर असेल, तर नवे केंद्र ७०.२१ आणि २४.२१६ वर येईल. फिलेट सर्वांत शेवटी द्यावेत, म्हणजे त्यांची त्रिज्या कटरला जुळणारी राहते.

व्यास किती ठेवायचा, याचे उत्तर पोलाद कोणत्या दिशेने कमी करता येते यावरून मिळते. भोक घडवणारी पिन मोठी असली तर ती घासून लहान करता येते, म्हणून पिनेसाठी श्रिंकेजची वरची मर्यादा, म्हणजे ३२.२९ मिमी धरावी. भागाचा बाहेरील आकार घडवणाऱ्या कॅव्हिटीसाठी खालची मर्यादा धरावी, कारण कॅव्हिटी कोरून वाढवता येते. पिन वेगळी, बदलता येईल अशी ठेवावी आणि पहिल्या ट्रायलचे भाग दुसऱ्या दिवशी, तापमान स्थिर झाल्यावर मोजूनच तिला हात लावावा.

असमान गुणक देताना आणखी एक धोका असतो आणि तो पटकन लक्षात येत नाही. मॉडेलचा एक्स अक्ष आणि प्रवाहाची दिशा या दोन गोष्टी जुळतात का, हे प्रथम पाहावे. भाग मोल्डमध्ये ९० अंशांनी फिरवून बसवला आणि स्केल त्यानंतर दिली, तर दोन्ही गुणकांची अदलाबदल होते. अशा वेळी आकारमान तपासून उपयोग होत नाही, कारण तिन्ही गुणकांचा गुणाकार तोच राहतो. प्रत्येक दिशेला एक ओळखीची लांबी मोजावी, तरच ही चूक सापडते.

प्रश्न : टोमॅटोच्या क्रेटसाठी उच्च घनतेच्या पॉलिइथिलीनची २.२ टक्के श्रिंकेज मी आणि माझ्या सहकाऱ्याने दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये दिली. ५४० मिमीच्या बाजूला माझ्याकडे ५५१.८८ आले आणि त्याच्याकडे ५५२.१५ आले. कोणाचे बरोबर? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोघांची गणिते बरोबर आहेत, परंतु सूत्रे वेगळी आहेत. आपण ५४० ला १.०२२ ने गुणले. सहकाऱ्याच्या सॉफ्टवेअरने ५४० ला ०.९७८ ने भागले. श्रिंकेज मोजण्याच्या आयएसओ २९४-४ या मानकात मोल्डचे माप आणि भागाचे माप यांतील फरक मोल्डच्या मापाच्या प्रमाणात सांगितला जातो, त्यामुळे कच्च्या मालाच्या माहितीपत्रकातील टक्केवारीसाठी भागाकाराचे सूत्र योग्य ठरते. क्रिओ या कॅड सॉफ्टवेअरमध्ये ही दोन्ही सूत्रे निवडीसाठी समोर येतात आणि आपोआप निवडलेले असते ते बेरजेचे, म्हणजे आपण वापरलेले. सॉलिडवर्क्सच्या स्केल आज्ञेत तर थेट गुणकच लिहायचा असतो, म्हणून तिथे १.०२२ ऐवजी १.०२२४९५ लिहावे. ज्याने त्या चौकटीत नुसते २.२ लिहिले, त्याचा क्रेट दुप्पटीहून मोठा झालेला मी पाहिला आहे, पण ती चूक निदान डोळ्यांना लगेच दिसते.

एबीएससारख्या अर्धा टक्का आकसणाऱ्या मालात १०० मिमीवर दोन सूत्रांचा फरक जेमतेम ०.००२५ मिमी येतो आणि तो सोडून दिला तरी चालतो. पॉलिइथिलीनच्या मोठ्या भागात तो पाव मिलिमीटरवर जातो. तरीही आपल्या क्रेटमध्ये खरी अनिश्चितता सूत्रात नाही, ती २.२ या आकड्यात आहे. या मालाची श्रिंकेज साधारण १.५ ते ३ टक्के सांगितली जाते आणि भिंतीची जाडी, होल्डिंग प्रेशर, मोल्डचे तापमान व गेटची (प्लॅस्टिक आत शिरण्याच्या तोंडाची) जागा यांनुसार ती बदलते. मानकातील चाचणी ६० मिमी चौरस आणि २ मिमी जाड अशा छोट्या चकतीवर होते, तर आपला क्रेट अर्ध्या मीटरहून लांब आहे. त्याच ग्रेडचा, जवळपास त्याच जाडीचा जुना क्रेट आणि त्याच्या मोल्डची मापे कारखान्यात मिळत असतील, तर त्यांवरून काढलेला आकडा कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक विश्वासाचा असतो.

प्रश्न : पॉलिप्रॉपिलीनच्या डब्याचा तळ मी मूळबिंदूवर ठेवला होता. स्केल दिल्यावर पार्टिंगच्या (मोल्डचे दोन अर्धे जिथे उघडतात त्या) पातळीखाली डब्याची एक पातळ पट्टी बाहेर आली. मूळ मॉडेल तर तळाशी अगदी सपाट होते. (एक प्रशिक्षणार्थी, चाकण)

उत्तर : आपण स्केल गुरुत्वमध्याभोवती दिली आहे. स्केल देताना एक बिंदू जागेवर राहतो आणि बाकीचे सर्व बिंदू त्याच्यापासून दूर सरकतात. आपल्या डब्याचा गुरुत्वमध्य तळापासून ३१ मिमी उंचीवर असेल आणि गुणक १.०२ असेल, तर तळ ३१ गुणिले ०.०२, म्हणजे ०.६२ मिमीने खाली जातो. आपल्याला दिसणारी पट्टी तीच आहे. सॉलिडवर्क्समध्ये गुरुत्वमध्य, मूळबिंदू आणि कोऑर्डिनेट सिस्टिम असे तीन पर्याय आहेत. मोल्डच्या कामात नेहमी पार्टिंगच्या पातळीवर ठेवलेली कोऑर्डिनेट सिस्टिम निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन. चार कॅव्हिटींच्या मोल्डमध्ये मात्र स्केल एका भागाला देऊन मग त्याच्या चार प्रती मांडाव्यात. चारही भाग मांडून झाल्यावर मोल्डच्या मध्याभोवती स्केल दिली, तर कॅव्हिटींमधील अंतरेही दोन टक्क्यांनी वाढतात आणि ठरवून ठेवलेले रनर (प्लॅस्टिक नेणाऱ्या वाहिन्या) व कूलिंगचे अंतर बिघडते.

याच पत्रात आपण विचारले आहे की, ग्राहकाने बदल पाठवला की स्केलनंतर तो थेट करावा का. करू नये. स्केलची आज्ञा फीचर ट्रीमध्ये (मॉडेल बनवण्याच्या पायऱ्यांच्या यादीत) जिथे आहे, तिच्या वरचे सर्व मोठे होते आणि तिच्या खाली जोडलेले काहीही मोठे होत नाही. स्केलखाली ४० मिमी अंतरावर काढलेला बॉस पोलादात ४० वरच कोरला जाईल आणि भागात ३९.२ वर येईल. मूळ भागाची फाइल स्केलशिवाय ठेवावी, बदल तिथेच करावेत आणि तिच्यातून काढलेल्या जोड-प्रतीत फक्त स्केल आणि ड्राफ्टच्या (भाग मोल्डमधून सुटावा म्हणून दिलेल्या उताराच्या) दुरुस्त्या असाव्यात. ग्राहकाला पाठवायचे ड्रॉइंगही मूळ फाइलमधूनच काढावे.

इथे माझ्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. एका एबीएस कव्हरची फाइल ग्राहकाकडून आली आणि आम्ही तिला नेहमीप्रमाणे १.००६ चा गुणक दिला. ट्रायलला कव्हर बेसवर बसेना. मोजले तर २०० मिमीची बाजू २०१.२ भरली. ग्राहकाच्या डिझायनरने श्रिंकेज आधीच दिलेली होती आणि हे फाइलवर कुठेही लिहिलेले नव्हते. पोलादात ते माप २०१.२ हवे होते आणि प्रत्यक्षात २०२.४ कोरले गेले होते. मोठ्या झालेल्या कॅव्हिटीत धातू परत भरता येत नव्हता, त्यामुळे नवा कॅव्हिटी इन्सर्ट करावा लागला आणि जुना तयार ठोकळा कित्येक दिवस बेंचखाली पडून होता. त्या दिवसापासून मी गुणक फाइलच्या नावातच लिहितो आणि आलेल्या प्रत्येक मॉडेलची एक लांबी ड्रॉइंगशी ताडून पाहिल्याशिवाय स्केलची आज्ञा उघडत नाही. समान गुणकासाठी आकारमानाची तपासणीही सोपी आहे, कारण आकारमान गुणकाच्या घनाने वाढते. ४८,५०० घनमिमीचा भाग १.००६ नंतर सुमारे ४९,३७८ घनमिमी व्हायला हवा. तिथे ५०,२७२ दिसले, तर स्केल दोनदा बसली आहे असे समजावे.

प्रश्न : भागात पितळी एम ४ इन्सर्ट साच्यातच बसवायचे आहेत. पूर्ण मॉडेल स्केल केले, तर इन्सर्टही मोठे होतात. ते चालेल का? (एक वाचक, वसई)

उत्तर : चालणार नाही. पितळेचा इन्सर्ट प्लॅस्टिकबरोबर आकसत नाही, म्हणून त्याचा आकार मूळच राहिला पाहिजे आणि त्याची जागा मात्र स्केल झालेली असली पाहिजे. इन्सर्ट वेगळी बॉडी ठेवावी, तिला स्केलमधून वगळावे आणि नंतर स्केल झालेल्या केंद्रावर आणून बसवावे. इन्सर्टला धरणारी पिनही मूळ मापाचीच करावी. पिन स्केल झालेल्या मॉडेलवरून केली तर ती इन्सर्टच्या आट्यांत शिरत नाही आणि मशीनवर उभा असलेला कामगार ती पॉलिश पेपरने घासत बसतो.

प्रश्न : ग्राहकाच्या स्टेप फाइलला (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल नेण्याच्या फाइलला) स्केल देताना आज्ञा अपयशी ठरते. समान गुणक दिला तर काही वेळा चालते, पण नंतर कॅव्हिटी वजा करताना अडते. काही वेळा मॉडेल अगदीच लहान येते. (एक टूलरूम चालक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : लहान येण्याचा भाग आधी पाहू, कारण तो सोपा आहे. १२० मिमीची बाजू ४.७२ दिसत असेल, तर एककाचा गोंधळ आहे, कारण १२० ला २५.४ ने भागले की ४.७२ येतात. स्टेप फाइलमध्ये एकक नोंदवलेले असते, तर एसटीएल या दुसऱ्या फाइल प्रकारात ते नसतेच आणि उघडताना आपण जे निवडू ते खरे धरले जाते. २५.४ ची स्केल देऊन ही चूक झाकण्यापेक्षा योग्य एककाने फाइल पुन्हा उघडावी, म्हणजे ट्रीमध्ये श्रिंकेजची एकच स्केल राहते.

आता अपयशाविषयी. सॉलिडवर्क्स, एनएक्स आणि सॉलिड एज ही तिन्ही सॉफ्टवेअर पॅरासॉलिड नावाच्या गाभ्यावर (आकारांचे गणित करणाऱ्या आतल्या भागावर) चालतात आणि त्या गाभ्याची रेषीय अचूकता मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाइतकी असते. दुसऱ्या गाभ्यावर, अधिक सैल अचूकतेने बनलेले मॉडेल स्टेपमधून आले की शेजारच्या दोन पृष्ठांच्या कडा तेवढ्या काटेकोरपणे जुळत नाहीत. सॉफ्टवेअर अशा कडांना स्वतंत्र, ढिली सहनमर्यादा देऊन सॉलिड बंद करते. पडद्यावर सर्व ठीक दिसते, परंतु असमान स्केल देताना प्रत्येक पृष्ठ नव्याने मांडावे लागते आणि तिथे ही ढिली शिवण उसवते. म्हणूनच समान गुणक चालतो आणि असमान अडतो. समान गुणकाने दोष नाहीसा होत नाही, तो तसाच पुढे जातो आणि कॅव्हिटी वजा करताना उघडा पडतो. आपल्याकडे नेमके हेच घडत आहे.

स्केल देण्यापूर्वी मॉडेल तपासणीची आज्ञा चालवावी आणि सदोष पृष्ठांची यादी पाहावी. माझ्या अनुभवात दोष बहुधा तीन फिलेट एकत्र मिळतात त्या कोपऱ्यात, सुईसारख्या निमुळत्या पृष्ठात किंवा कोरलेल्या अक्षरांत सापडतो. ती पृष्ठे काढून भोवतालच्या कडांवरून नवे पृष्ठ बांधावे आणि मॉडेल पुन्हा शिवावे. कोपरा काही केल्या सुधारत नसेल, तर मॉडेलचे दोन तुकडे करून दोघांना एकाच कोऑर्डिनेट सिस्टिमभोवती तीच स्केल द्यावी. जो तुकडा अडेल त्यात दोष आहे, आणि तो पुन्हा दुभागत गेल्यास अर्ध्या तासात दोषाची जागा हाती लागते. क्रिओ वापरत असाल, तर अचूकतेची पद्धतही पाहावी. तिथे सापेक्ष अचूकता मुळात ०.००१२ असते आणि ती भागाच्या आकारानुसार बदलते, त्यामुळे लहान भाग आणि मोठा मोल्ड ब्लॉक यांची अचूकता जुळत नाही. दोघांना एकच निरपेक्ष अचूकता दिली की वजाबाकीतील बरेचसे अडथळे दूर होतात.

प्रश्न : आमचे पॅटर्न (ओतकामाच्या वाळूच्या साच्याला आकार देणारे नमुने) बनवण्याचे काम आहे. वडिलांकडे ओतकामाची जुनी आकुंचन पट्टी आहे, जिच्यावरील १०० मिमी साध्या पट्टीवर १०१ भरतात. आता मी पॅटर्न कॅडमध्ये करतो. जुन्या लाकडी पॅटर्नवरून मापे घेऊन मॉडेल केले आणि १.०१ ची स्केल दिली, तर कास्टिंग मोठे आले. मशीनिंगचा वाढावा (नंतर कापून काढायचा जादा धातू) स्केलच्या आधी द्यावा की नंतर? (एक पॅटर्नमेकर, शिरोली, कोल्हापूर)

उत्तर : आपले कास्टिंग मोठे आले, कारण लाकडी पॅटर्न वडिलांनी त्याच पट्टीने बनवला होता. बीडासाठीची (ओतीव लोखंडासाठीची) एक टक्का वाढ त्या लाकडात आधीच आहे. आपण ती साध्या कॅलिपरने मोजून मॉडेलमध्ये आणली आणि वर पुन्हा एक टक्का दिला. जुन्या पॅटर्नवरून काम करायचे असेल, तर मापे वडिलांच्या पट्टीने घ्यावीत आणि मग स्केल द्यावी, किंवा कॅलिपरने घ्यावीत आणि स्केल देऊ नये.

मशीनिंगचा वाढावा स्केलच्या आधी द्यावा, कारण वाढाव्यासकट संपूर्ण कास्टिंग आकसते. ३ मिमीच्या वाढाव्यावर फरक ०.०३ मिमीचाच पडतो, परंतु क्रम ठरलेला असला की गोंधळ होत नाही. कोअर प्रिंटमधील (वाळूचा कोअर बसतो त्या खाचेतील) फट मात्र स्केलनंतर द्यावी, कारण ती साच्यातील वाळूची गरज आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पॅटर्न ओतून घ्यायचा असेल, तर त्याच्या लाकडी मास्टरला दोन्ही धातूंचे आकुंचन लागते. अ‍ॅल्युमिनियमचे १.३ टक्के आणि बीडाचे १ टक्का धरल्यास गुणक १.०१३ गुणिले १.०१०, म्हणजे १.०२३१ येतो. मोठ्या कोअरभोवती ओतलेल्या चौकटीसारख्या कास्टिंगमध्ये कोअर आकुंचनाला अडवतो, त्यामुळे तिथे एक टक्क्यापेक्षा कमी धरावे लागते आणि ते त्या फाउंड्रीच्या आधीच्या कास्टिंगवरूनच ठरवावे.

वडिलांची पट्टी जपून ठेवावी. सीएनसीवरून उतरलेला, बीडासाठीचा एक टक्का स्केल दिलेला पॅटर्न त्या पट्टीने मोजला, तर वाढावा धरून ड्रॉइंगवरचाच आकडा दिसायला हवा. २५० मिमीच्या बाजूवर ३ मिमी वाढावा असेल, तर पट्टीवर २५३ दिसतील आणि साध्या कॅलिपरवर २५५.५३. पट्टीवरच २५५.५ दिसले, तर पॅटर्न फाउंड्रीकडे पाठवू नये. त्याला स्केल दोनदा बसली आहे.